लॅपटॉपची झोप आणि आपली जाग

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त तीर्थपुरी येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





संमेलनात बोलावयाची संधी मिळाली म्हणजे शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु इल्मचे महत्त्व आता आपणांस पटवून द्यावे लागत नाही. ज्या घरांत एके काळी सायकल घ्यावयाची म्हटली तरी दोन वर्षे विचार चालत असे, त्या घरांत आज मुलामुलींच्या अभ्यासासाठी लॅपटॉप आलेला दिसतो. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, आणि तेव्हापासून हे यंत्र आपल्या घराघरांत शिरले. कुणी नवे घेतले, कुणी जुने घेतले, कुणाला पुण्यात नोकरीस असलेल्या भावाने आपले वापरलेले दिले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यंत्र घरात आले, आणि ते अडले म्हणजे काय करावयाचे याची अक्कल मात्र त्याच्याबरोबर पेटीतून आली नाही. म्हणून मी आज एक अगदी लहान विषय घेतला आहे. लॅपटॉप चालू असता असता मध्येच आपोआप झोपी जातो, त्याचे काय करावे?

काही जणांना हसू आले, ते मी पाहिले. मी स्वतः बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा शिक्षक आहे, इंजिनियर नव्हे. हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. आपल्याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीच्या घरी तो माझ्यापुढे आला, आणि त्यात माझीही चूक झाली. ती चूक सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

ही मुलगी त्या वेळी बारावी विज्ञानाला होती. वडील मोसंबीच्या बागा घेऊन माल बाजारात पाठवितात. मुलीला फार्मसीला जावयाचे होते. त्यासाठी द्यावी लागणारी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सी.ई.टी., २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. सराव परीक्षाही संगणकावरच करावी लागते, आणि पुढे कॉलेजांचे पसंतीक्रमसुद्धा ठरलेल्या मुदतीत ऑनलाईनच भरावे लागतात. म्हणून वडिलांनी एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. दीड-दोन महिने तो बरा चालला. मग तो झोपू लागला. मुलगी सराव परीक्षेला बसे, वीस-पंचवीस प्रश्न होत, आणि एकाएकी पडदा काळा पडे. बटण दाबले की यंत्र जागे होई, पण तोवर इंटरनेटचा संबंध तुटून परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागे. आणि नवल असे, की धाकटा भाऊ रात्री त्याच लॅपटॉपवर दोन दोन तास क्रिकेटचा खेळ खेळे, तेव्हा तो एकदाही झोपत नसे.

घरात याचा जो अर्थ निघावयाचा तो निघाला. वडील मला म्हणाले, "सर, पोरीच्या हाताला मशीन मानवत नाही." जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखविले, तेव्हा तेथील कारागिराने मदरबोर्ड बदलावा लागेल, नऊ हजार रुपये खर्च येईल, असे सांगितले. वडिलांनी मनाशी हिशेब केला. लॅपटॉप मिळेल त्या किमतीस विकावा आणि मुलीने बाहेरून बी.ए. करावे, असे घरात बोलणे सुरू झाले. एका पडद्याच्या काळे पडण्यावर एका मुलीचे पुढचे शिक्षण येऊन ठेपले होते.

मला बोलाविले गेले. मी काय केले? प्रथम मी त्या मुलीलाच म्हणालो, "बेटा, जरा सांभाळून वापरत जा." काहीही न तपासता मी हे म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

मित्रहो, आता यंत्राची झोप म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घेऊ. पडदा काळा पडणे या एकाच दिसण्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एक, नुसता पडदा विझतो, पण आतले काम चालूच राहते. गाणे लावले असेल तर ते ऐकू येत राहते. दुसरी, खरी झोप. यात चालू काम यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात राहते, ते सांभाळण्यापुरती थोडीशी वीज खर्च होते, आणि बटण दाबताच काही क्षणांत सारे पूर्ववत दिसते. तिसरी, गाढ झोप, जिला हायबरनेट म्हणतात. यात काम डिस्कवर उतरवून यंत्र जवळ जवळ पूर्ण बंद होते, म्हणून उठावयास जास्त वेळ घेते. आणि चौथी म्हणजे यंत्र एकदम बंद पडणे. यात जतन न केलेले काम जाते, आणि बटण दाबल्यावर यंत्र प्रथमपासून सुरू होते. झोपेच्या या पायऱ्यांचा एक सर्वमान्य नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला होता. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावयाचा: आपले यंत्र या चारांपैकी नेमके काय करते? डॉक्टरही ताप आला म्हटल्यावर आधी विचारतो, थंडी वाजते का, रोज येतो की दिवसाआड. तद्वतच हे आहे.

त्या मुलीचे यंत्र बटण दाबताच जागे होत होते. म्हणजे ते मरत नव्हते, झोपत होते. आणि झोप हा यंत्राचा आजार नसून ते यंत्राला दिलेल्या हुकुमाचे पालन असते. कुणीतरी, कशाने तरी, त्याला झोपण्याचा हुकूम देत होते. तो कोण, हे शोधावयाचे होते.

माझी दुसरी चूक येथे झाली. मला एकच कारण माहीत होते, ते म्हणजे वेळेची मर्यादा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, आणि त्यात पॉवर या सदरात, इतकी मिनिटे कुणी हात लावला नाही तर यंत्राने झोपावे, असे लिहिलेले असते. मी तेथे 'नेव्हर' म्हणजे 'कधीच नाही' असे केले आणि, "झाले दुरुस्त," असे सांगून चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा झोपले. शिवाय आता मास्तरांनी दुरुस्त करूनही पोरीकडून बिघडते, असा अधिकच ठपका तिच्यावर आला.

मी पुन्हा गेलो. या वेळी मी त्या मुलीला एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, की जेव्हा जेव्हा यंत्र झोपेल तेव्हा चार गोष्टी लिहून ठेव: किती वाजले होते, चार्जर लावलेला होता की नव्हता, तू काय करीत होतीस, आणि टेबलावर काय काय होते. तिने पाच दिवस नेमाने नोंदी केल्या. यंत्र एकूण अकरा वेळा झोपले होते. चार्जर लावलेला असताना सहा वेळा, नसताना पाच वेळा. सकाळीही, संध्याकाळीही. म्हणजे दोष चार्जरचा नव्हता आणि उन्हाळ्याचाही नव्हता.

यंत्रसुद्धा आपली नोंदवही ठेवते, हे मला तोवर माहीत नव्हते. आपल्या संगणक शिक्षकांनी ते दाखविले. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक सदर आहे. त्यात विंडोज लॉग्ज, आणि त्यात सिस्टीम, असे उघडले म्हणजे यंत्राची रोजनिशी दिसते. कर्नल-पॉवर या नावाखाली ४२ क्रमांकाची नोंद असेल, तर ती यंत्र झोपल्याची असते; पुष्कळशा नव्या लॅपटॉपमध्ये ती ५०६ क्रमांकाची असते. त्या नोंदीत झोपण्याचे कारणही दिलेले असते: कुणी हात लावला नाही म्हणून, बॅटरी संपली म्हणून, किंवा बटण दाबले वा झाकण मिटले म्हणून. आम्ही मुलीची वही आणि यंत्राची रोजनिशी शेजारी शेजारी ठेवली. वेळा अचूक जुळल्या. आणि अकराही ठिकाणी कारण एकच होते: बटण किंवा झाकण.

मुलगी म्हणाली, "सर, मी बटणाला हात लावला नव्हता. आणि झाकण तर उघडेच होते, मी समोर बसले होते." या वेळी मी तिच्यावर विश्वास ठेवला. झाकण उघडे असताना यंत्राला ते मिटल्यासारखे वाटत होते. का?

येथे मला एका थोर पुरुषाचे स्मरण होते. इराकमधील बसरा येथे सुमारे ९६५ साली जन्मलेले आणि पुढे कैरो येथे राहिलेले इब्न अल-हैसम यांना युरोपात अल्हाझेन या नावाने ओळखतात. प्रकाशावरील त्यांचा 'किताबुल मनाझिर' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनी केलेला एक प्रयोग फार साधा आहे. एका छिद्रासमोर अनेक दिवे ठेवावयाचे आणि छिद्राच्या पलीकडे अंधार करावयाचा. अंधारातल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडतात. आता कोणता ठिपका कोणत्या दिव्याचा, हे कसे ओळखावे? एक दिवा झाकावा. जो ठिपका जाईल तो त्या दिव्याचा. आड धरलेली वस्तू काढली की ठिपका परत येतो. एका वेळी एकच दिवा, आणि झाकून पुन्हा उघडून खात्री, एवढीच ती रीत आहे. हजार वर्षे झाली, पण कारण शोधण्याची याहून चांगली रीत अजून कुणी काढलेली नाही.

त्या मुलीने हेच केले. तिच्या वहीत चौथ्या रकान्यात टेबलावरच्या वस्तू लिहिलेल्या होत्या: मोबाईल, पाण्याची बाटली, कंपासपेटी, स्कार्फची पिन. तिने एक एक वस्तू दूर केली. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला, तरी यंत्र झोपले. बाटली हलविली, तरी झोपले. कंपासपेटी हलविली, तरी झोपले. स्कार्फची पिन दूर ठेवली आणि यंत्र दोन तास जागे राहिले. पिन परत आणली, आणि पडदा काळा पडला.

माता-भगिनींच्या लगेच लक्षात आले असेल. पूर्वी स्कार्फला टाचणी लावीत. आता बाजारात चुंबकाच्या पिना मिळतात. दोन चकत्या, मध्ये कापड, कापडाला भोक पडत नाही. चकती लहान, पण आतले चुंबक मोठे जोरकस असते. ही मुलगी घरी आली की स्कार्फ काढून अभ्यासाला बसे आणि ती पिन हरवू नये म्हणून लॅपटॉपच्या डाव्या कडेला, जेथे मनगट टेकते तेथे, टक्क करून चिकटवून ठेवी. लिहिता लिहिता मनगटाने ती पुढेमागे सरके.

लॅपटॉपच्या झाकणाला बहुधा बाहेरून दिसणारे बटण नसते. झाकणाच्या कडेत एक बारीक चुंबक बसविलेले असते आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा एक लहानसा सेन्सर असतो. झाकण मिटले की चुंबक सेन्सरजवळ येते आणि यंत्र समजते, आता निजावयाचे. हा सेन्सर बहुधा ज्या तत्त्वावर चालतो ते एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली शोधून काढले. सोन्याच्या वर्खातून वीज वाहत असताना त्याने तो वर्ख जोरदार चुंबकाच्या प्रभावात ठेवला, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युत्दाब निर्माण झालेला त्याला दिसला. सेन्सरला चुंबक कळते. ते झाकणातले की स्कार्फच्या पिनेतले, हे त्याला कळत नाही. पिन सरकून सेन्सरवर आली की यंत्र इमानाने झोपी जाई. आणि भाऊ स्कार्फ वापरीत नाही, म्हणून त्याच्या हाती ते कधीच झोपले नाही.

मुलीच्या हाताला मशीन मानवत नव्हती असे नाही. मदरबोर्डही धड होता. नऊ हजारांची दुरुस्ती एक पिन उचलून दोन वीत पलीकडे ठेवण्याने झाली.

पालक हो, आपल्या घरचे कारण हेच असेल असे मुळीच नाही. म्हणून इतर कारणेही क्रमाने सांगतो. आधी फुकटात तपासता येईल ते पाहावे, खर्चाचे शेवटी.

पहिले, वेळेची मर्यादा. ती दोन ठिकाणी असते, चार्जर लावलेला असताना वेगळी आणि बॅटरीवर वेगळी. दोन्ही पाहा. मूल पडद्याकडे पाहून वहीत गणित सोडवीत असते, तेव्हा यंत्राला वाटते की समोर कुणीच नाही. पंधरा मिनिटांची मर्यादा तीस-चाळीस करावी, म्हणजे पुरते.

दुसरे, झोपेचे बटण. पुष्कळ लॅपटॉपवर एका कळीवर चंद्रकोरीचे चित्र असते. ईदची चंद्रकोर पाहून आपण जागतो, पण ही चंद्रकोर यंत्राला झोपविते. घाईत तिच्यावर बोट पडते.

तिसरे, चुंबक. स्कार्फची पिन, झाकणाच्या मोबाईल कव्हरातले चुंबक, चुंबकाच्या पट्ट्याचे घड्याळ, आणि शाळेत एका लॅपटॉपवर ठेवलेला दुसरा लॅपटॉप. खालच्याच्या झाकणातले चुंबक वरच्याला झोपवू शकते. येथे काही जण झाकण मिटल्यावर यंत्राने काहीच करू नये असे सेटिंग करून ठेवतात. त्याने काम भागते, परंतु मग झाकण मिटून पिशवीत घातलेले यंत्र आत चालूच राहते आणि तापते. तेव्हा तसे केल्यास वापर संपताच ते स्वतः बंद करण्याची सवय ठेवावी.

चौथे, चार्जर आणि बॅटरी. पिन सैल असेल तर यंत्र आपल्या नकळत बॅटरीवर जाते आणि बॅटरीची मर्यादा लागू होते. वायर हलविल्यावर कोपऱ्यातले चार्जिंगचे चिन्ह येते-जाते का, ते पाहावे. बॅटरी फार जुनी झाली म्हणजे चाळीस टक्के दाखविता दाखविता एकदम शून्यावर येते आणि यंत्र गाढ झोपी जाते किंवा बंद पडते. आणि एक सावधगिरी: लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये. यंत्र बंद करून, चार्जर काढून जाणत्या कारागिराकडे न्यावे.

पाचवे, उष्णता. पुष्कळ लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावयासाठी बनविलेले असतात. आपल्या जालना जिल्ह्यातला मे महिना आपणांस ठाऊकच आहे. त्यात मूल गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवते, खालची जाळी झाकली जाते, आतला पंखा धुळीने भरलेला असतो. असे यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. ते फळीवर ठेवावे, जाळी मोकळी राहू द्यावी.

इतके करूनही कारण सापडले नाही, तर अवश्य दुकानात जावे. पण हात हलवीत जाऊ नये, नोंदवही घेऊन जावे. "कधी कधी बंद पडते," असे सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला कारागीर अंदाजाने उत्तर देतो. "अकरा वेळा झोपले, चार्जर असो वा नसो, यंत्राच्या नोंदीत कारण झाकणाचे आहे," असे सांगणाऱ्याला त्याला विचार करूनच उत्तर द्यावे लागते.

आणि विद्यार्थी मित्रहो, यंत्र केव्हाही झोपू शकते हे धरून चाला. लिहिलेले मधून मधून जतन करा. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज शेवटच्या दिवशी रात्री भरावयास बसू नका.

आता त्या घराकडे परत येतो. पिनेचा उलगडा झाला तेव्हा मी तिच्या वडिलांना विचारले, "चाचा, मोसंबीची फळगळ सुरू झाली म्हणजे तुम्ही झाड तोडता का?" ते म्हणाले, "नाही सर. आधी पाणी बघतो, मग मुळी बघतो, मग कीड बघतो." एवढे बोलून ते थांबले. पुढे मला काही सांगावे लागले नाही. त्यांनी पिन उचलली, कपाटावरच्या डबीत टाकली आणि मुलीला म्हणाले, "बस अभ्यासाला." त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत तिला पुरते वीस दिवस मिळाले. पसंतीक्रमाचा अर्ज तिने घरी बसून, स्वतःच्या हाताने भरला. आज ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

हे सांगताना मला अभिमानापेक्षा भीती जास्त वाटते. ती वही लिहिली गेली नसती तर? आम्ही सर्व शहाणी माणसे, वडील, कारागीर आणि मी, एका निष्कर्षावर आधीच येऊन बसलो होतो, कारण तो निष्कर्ष आमच्या सोयीचा होता. भावाच्या हाती चालते आणि बहिणीच्या हाती बंद पडते, एवढे पाहून आम्ही दोष बहिणीचा ठरविला. त्या दोघांत आणखी काय काय वेगळे आहे, हे कुणी पाहिलेच नाही. दुकानातल्या कारागिराची चूक पैशांत मोजता येते, माझी येत नाही, कारण मी तिचा शिक्षक होतो.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे. घरात यंत्र अडले, की "कुणी बिघडविले?" हा प्रश्न पहिला विचारू नका. "केव्हा, कसे, आणि त्या वेळी जवळ काय होते?" हा विचारा. मूल परीक्षेत मागे पडू लागले, शाळेत यावयास कां कू करू लागले, तरी हाच प्रश्न विचारा. आणि जी मुलगी समोर बसून सांगते आहे की मी काही केले नाही, तिचे म्हणणे खोटे ठरेपर्यंत खरे धरा. आपल्या शाळेच्या संगणक खोलीत प्रत्येक यंत्राजवळ एक नोंदवही असावी आणि ती विद्यार्थ्यांनीच लिहावी, अशी सूचना मी व्यवस्थापनापुढे ठेवीत आहे. खर्च वह्यांचा तेवढा येईल.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.